स्कॅनचा दोनशे पानी रिपोर्ट आलाय, आता करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शंभरेक कॉम्प्युटर आणि पाच-सहा सर्व्हर असलेली कंपनी, फायरवॉल आहे, अँटिव्हायरस आहे, बाहेरच्या एजन्सीकडून पहिल्यांदाच व्हल्नरेबिलिटी स्कॅन (मशीनांमधली सुरक्षेची भोकं शोधणारी तपासणी) करून घेतलं, त्यांनी दोनशे पानांची पीडीएफ दिली आणि मोकळे झाले. आयटी बघणारे दोघंच, मालक रोज विचारतात की हे सगळं लाल कधी संपणार, आणि विचारणाऱ्याला हवंय की कुठला स्कॅनर घ्यावा, किती दिवसांनी चालवावा आणि ह्या लाल ओळींचं नेमकं काय करावं.

स्कॅनर कुठला हे शेवटी बघू, कारण त्यानं सगळ्यात कमी फरक पडतो. स्कॅन कशाकशावर लावलं, मशीनमध्ये लॉगिन करून केलं की नुसतं बाहेरून, आणि दुरुस्ती झाल्यावर परत लावलं का, खरा फरक तिथं पडतो. हे तिन्ही नीट असेल तर फुकटचं टूलसुद्धा चालतं आणि नसेल तर कितीही महागडं घ्या, पीडीएफ तेवढी जास्त देखणी येईल.

आधी स्कॅनर नक्की करतो काय ते समजून घ्या, नाहीतर रिपोर्ट वाचताच येत नाही. पोर्ट म्हणजे मशीनशी नेटवर्कवरून बोलायचं दार, टीसीपीचे (नेटवर्कवर बोलायची मुख्य पद्धत) असे पोर्ट ६५,५३५. स्कॅनर एकेका पोर्टवर सिन पॅकेट (जोडणीची विनंती) टाकतो, समोरून सिन-अ‍ॅक आलं तर पोर्ट उघडा, रीसेट आलं तर बंद, काहीच आलं नाही तर मध्ये कुठंतरी फायरवॉल पॅकेट गिळतोय असं धरतो. उघड्या पोर्टवर मग तो बोलून बघतो, समोरची सर्व्हिस आपलं नाव आणि व्हर्जन सांगते (ह्यालाच बॅनर म्हणतात), आणि ते व्हर्जन तो आपल्या डेटाबेसमधल्या सीव्हीई नंबरांशी (जाहीर झालेल्या प्रत्येक भोकाला मिळणारा नंबर) ताडून बघतो. जुळलं की लाल ओळ. म्हणजे लॉगिन न करता केलेल्या स्कॅनमधल्या बऱ्याच ओळी हा अंदाज असतो, शहाणा अंदाज, पण अंदाजच.

आणि हा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. लिनक्सवाल्यांना हे रोज भोगावं लागतं, कारण रेड हॅट, डेबियन वगैरे मंडळी सिक्युरिटीचा फिक्स जुन्याच व्हर्जनमध्ये मागून बसवून देतात, बॅनरवरचा नंबर तसाच राहतो, त्यामुळं अपाची किंवा ओपनएसएसएच पूर्ण पॅच केलेलं असूनही स्कॅनर बोंबलत राहतो की हे जुनं आहे. उलट्या बाजूला, विंडोज मशीनवर कुणीतरी बसवलेला जुना पीडीएफ रीडर, जुनं जावा, ब्राउझरचं मागं राहिलेलं व्हर्जन, ह्यातलं काहीच नेटवर्कवरून दिसत नाही कारण ते कुठल्या पोर्टवर बसलेलंच नसतं. आणि फिशिंगचा मेल उघडला की नेमकं हेच वापरलं जातं. म्हणून तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी हे शोधा की स्कॅन लॉगिन देऊन झालंय की न देता. कुठंही क्रेडेन्शिअल्सचा (लॉगिनचं नाव आणि पासवर्ड) उल्लेख नसेल तर ती दोनशे पानं म्हणजे निम्मंच चित्र आहे, आणि त्यातलंही काही चुकीचं.

लॉगिन दिलं होतं असं एजन्सी म्हणाली तरी लगेच विश्वास ठेवू नका. विंडोजवर लोकल ॲडमिनचा पासवर्ड बरोबर असतो, लॉगिन होतंही, पण यूएसी ह्या विंडोजच्या अधिकार आवरणाऱ्या सोयीमुळं लांबून आलेल्या लोकल अकाउंटला पूर्ण अधिकार मिळत नाहीत, रिमोट रजिस्ट्री सर्व्हिस बंद असते, लिनक्सवर सुडो (ॲडमिनचे अधिकार वापरायची परवानगी) दिलेलं नसतं, आणि स्कॅनर गुपचूप अर्धवट तपासणी करून पुढं जातो. रिपोर्टमध्ये प्रत्येक मशीनसाठी लॉगिन नीट झालं की नाही ह्याची एक साधी माहितीवजा नोंद असते, ती निळ्या रंगात सगळ्यात खाली असते म्हणून कुणी बघत नाही. मी कुणाचाही रिपोर्ट हातात घेतला की आधी ती नोंद बघतो, लाल रंग नंतर. ज्या मशीनवर फक्त दोन-तीनच ओळी आल्यात ते मशीन चांगलं आहे असं समजायची घाई करू नका, बहुतेक वेळा तिथं लॉगिन फेल झालेलं असतं.

अजून एक. फायरवॉलमध्ये किंवा प्रत्येक मशीनवरच्या अँटिव्हायरसमध्ये पोर्ट स्कॅन ओळखून समोरच्याला ब्लॉक करायची सोय असते. स्कॅन सुरू होतं, पाच मिनिटांत स्कॅनरचा आयपी ब्लॉक होतो, पुढची सगळी मशीनं एकदम स्वच्छ दिसतात. आतल्या स्कॅनसाठी स्कॅनरच्या आयपीला सूट द्यावीच लागते. लोक म्हणतात मग ते खरं टेस्टिंग कसं झालं, तर आपण इथं फायरवॉलची परीक्षा घेत नाहीयोत, आतल्या मशीनांमध्ये काय भोकं आहेत ते बघतोय. ब्लॉक होतंय का हे वेगळं तपासा, जरूर तपासा, पण ते वेगळं काम आहे.

स्कॅन केलं म्हणून सुरक्षित झालो ह्या समजुतीचं सगळ्यात महाग उदाहरण म्हणजे इक्विफॅक्स, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी अमेरिकेतली मोठी कंपनी. ७ मार्च २०१७ ला अपाची स्ट्रट्स ह्या वेब ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं भोक, सीव्हीई-२०१७-५६३८, जाहीर झालं आणि पॅचही आला. कंपनीत दोन दिवसांत मेल गेला की ४८ तासांत पॅच करा. पण मेलची यादी जुनी होती, ज्याच्यापर्यंत पोचायला हवा होता त्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही. १५ मार्चला त्यांनी स्कॅनही लावलं, म्हणजे स्कॅन केलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही, पण ते वरच्या फोल्डरपुरतं बघून आलं आणि स्ट्रट्स होतं आतल्या सबफोल्डरमध्ये, त्यामुळं निकाल आला की काहीच सापडलं नाही. मे महिन्यात हल्लेखोर तिथूनच आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आतच होते, १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. ट्रॅफिक उघडून तपासणारं उपकरण होतं त्यांच्याकडं, पण त्यावरचं सर्टिफिकेट बरेच महिने आधीच एक्स्पायर झालेलं, म्हणून ते आंधळं झालेलं. २९ जुलैला सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद ट्रॅफिक दिसायला लागलं.

ह्यात कुठल्या टूलचा दोष काढाल? टूल होतं, पॅच होता, पॉलिसी होती, मेलसुद्धा गेला होता. आपल्याकडं स्ट्रट्स कुठंकुठं आहे ह्याची यादी नव्हती. मला विचाराल तर स्कॅनिंगमधलं ऐंशी टक्के काम ही यादी आहे आणि ते कंटाळवाणं असल्यामुळं कुणालाच करायचं नसतं.

तर यादी. एजन्सीनं तुम्हाला विचारलं असेल की कुठले आयपी स्कॅन करायचे, आणि तुम्ही दिले असतील सर्व्हरचे आणि मुख्य सबनेटचे (नेटवर्कचा एक भाग). आता डीएचसीपीची लीज यादी (कुठल्या मशीनला कुठला आयपी दिला ती) काढा, स्विचवरचे मॅक ॲड्रेस (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा नंबर) काढा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीमधली (विंडोजच्या डोमेनमधली अकाउंट आणि मशीनं सांभाळणारी सोय) कॉम्प्युटर यादी काढा, अँटिव्हायरसच्या कन्सोलमधली काढा, आणि चारही एकमेकींशी ताडून बघा. त्या जुळणार नाहीत, कुठंच जुळत नाहीत. अँटिव्हायरसमध्ये नसलेली पण स्विचला लागलेली मशीनं निघतील, दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचा टेस्ट सर्व्हर निघेल, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन, यूपीएसचं नेटवर्क कार्ड, कुणीतरी टेबलाखाली लावलेला वायफाय राउटर. गोची नेमकी ह्यांच्यात असते, कारण ह्यांना कुणी वाली नसतो.

सर्व्हरच्या मागचा मॅनेजमेंट पोर्ट तर हमखास विसरला जातो. सर्व्हर बंद असला तरी ह्या पोर्टमधून तो लांबून चालू करता येतो. त्यावर आयपीएमआय २.० (सर्व्हर लांबून सांभाळायचा प्रोटोकॉल) चालू असेल तर त्या प्रोटोकॉलच्या रचनेतच अशी खोट आहे की कुणीही लॉगिन न करता पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) मागू शकतो आणि नंतर निवांत बसून फोडू शकतो. ह्याला पॅच नाही, येणारही नाही, कारण ते स्पेसिफिकेशनमध्येच आहे. तो पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा काढलेला कप्पा) टाका जिथं फक्त ॲडमिनच्या मशीनवरून जाता येईल, आणि गरज नसेल तर सरळ बंद करा. स्कॅनरच्या रिपोर्टमध्ये ही ओळ वर्षानुवर्षं तशीच राहिलेली दिसते कारण लोक पॅच शोधत बसतात.

लॅपटॉपचा वेगळा प्रश्न. स्कॅन रात्री लावलं तर लॅपटॉप बॅगेत, दिवसा लावलं तर निम्मे लोक घरून काम करतायत. त्यांच्यासाठी मशीनवर बसणारा एजंट हाच खरा उपाय, तो आतूनच बघतो आणि इंटरनेट मिळालं की कळवतो. आणि आयपीव्ही६ बंद आहे असं समजू नका, विंडोजमध्ये ते मुळातच चालू असतं, आणि एका सबनेटमध्ये २ चा ६४ वा घात एवढे पत्ते असल्यामुळं ते ओळीनं स्कॅन करणं शक्यच नाही, तिथं यादीशिवाय गत्यंतर नाही.

आता बाहेरची बाजू, म्हणजे इंटरनेटवरून दिसणारे तुमचे आयपी. हे स्कॅन वेगळं करा, बाहेरच्या कनेक्शनवरून करा, आणि आतल्याच्या आधी करा. मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ साली झीमॅप नावाचं टूल काढलं, एका साध्या मशीनवरून आणि गिगाबिट लाइनवरून अख्खं आयपीव्ही४ इंटरनेट एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत चाळता येतं. म्हणजे छोटी कंपनी आहे, आम्हाला कोण शोधणार, हा मुद्दा तेव्हाच निकालात निघाला. तुम्हाला कुणी शोधत नाही, सगळ्यांनाच चाळतात, आणि त्यात तुमचा उघडा आरडीपी (विंडोज मशीन लांबून वापरायची सोय) सापडतो. पोर्ट ३३८९ बाहेरून उघडा दिसला तर रिपोर्ट खाली ठेवा आणि आधी तो बंद करा, व्हीपीएनच्या मागं न्या, बाकीचं नंतर. तेच ४४५ चं (विंडोजचं फाइल शेअरिंग), तेच डेटाबेसच्या पोर्टांचं, तेच फायरवॉलच्या स्वतःच्या ॲडमिन पानाचं, जे बाहेरून उघडं ठेवायचं काहीच कारण नसतं पण व्हेंडरच्या सोयीसाठी कुणीतरी उघडलेलं असतं आणि मग तसंच राहतं.

लाल ओळींकडं येऊ. दोनशे पानं मशीनप्रमाणं लावलेली असतात म्हणून इतकी भीती वाटते. एजन्सीकडून तोच डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) घ्या आणि उपायाप्रमाणं गट करा, म्हणजे सोल्यूशन ह्या कॉलमवर. अचानक दिसतं की चाळीस ओळी एकाच न बसलेल्या विंडोज अपडेटच्या आहेत, साठ ओळी सगळ्या मशीनवर पडून असलेल्या जुन्या जावाच्या आहेत जे आता कुणी वापरतही नाही, वीस-पंचवीस ओळी प्रिंटर आणि स्विचच्या सेल्फ-साइन्ड (स्वतःच स्वतःला दिलेल्या) सर्टिफिकेटच्या आहेत ज्यांनी आज काही बिघडत नाही. शेकडो ओळींची पंधरा-वीस कामं होतात. दोघांची टीम पंधरा-वीस कामं करू शकते, आणि मालकांनाही ती यादी वाचता येते.

क्रम लावताना बहुतेक लोक सीव्हीएसएसच्या (भोकाच्या गंभीरपणाचा स्कोअर) आकड्यावर जातात, ० ते १०, ९ पासून वर क्रिटिकल. तो आकडा वाईट नाही पण तो सांगतो की भोक किती वाईट आहे, ते कुणी वापरतंय का हे तो मूळ स्कोअर सांगत नाही, आणि ते मशीन तुमच्याकडं कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्याला माहीतच नाही. त्याच्या जोडीला दोन गोष्टी बघा, दोन्ही फुकट आहेत. अमेरिकेची सायबर सुरक्षा संस्था सिसा नोव्हेंबर २०२१ पासून केईव्ही नावाची यादी चालवते, त्यात फक्त अशीच भोकं असतात जी प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली गेल्याचं माहीत आहे. आणि ईपीएसएस नावाचा स्कोअर आहे, तो पुढच्या ३० दिवसांत एखादं भोक वापरलं जायची शक्यता किती ते सांगतो. माझा नियम साधा आहे, इंटरनेटवरून दिसतंय आणि केईव्हीमध्ये आहे तर आजच, जेवण नंतर. केईव्हीमध्ये आहे पण आतल्या मशीनवर आहे तर ह्या आठवड्यात. सीव्हीएसएस ९.८ आहे पण केईव्हीमध्ये नाही, ईपीएसएस नगण्य, आणि मशीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये, तर महिन्याच्या नेहमीच्या पॅचिंगमध्ये जाऊ द्या, झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

ह्या उलट, मध्यम रंगाच्या काही ओळी मी लाल धरतो. एसएमबी सायनिंग (विंडोज फाइल शेअरिंगच्या मेसेजवरची डिजिटल सही) सक्तीचं नाही, ही ओळ जवळपास प्रत्येक रिपोर्टमध्ये पिवळ्या रंगात येते आणि कुणी हात लावत नाही, पण आत शिरलेला माणूस दुसऱ्याचं लॉगिन मधल्या मध्ये पुढं ढकलून सर्व्हरवर जायला हीच ढिलाई वापरतो. एसएनएमपीचा (नेटवर्कवरच्या उपकरणांची माहिती घ्यायची पद्धत) कम्युनिटी शब्द, म्हणजे त्याचा पासवर्ड, पब्लिक असाच ठेवलेला, त्यातून स्विचची अख्खी माहिती कळते. पासवर्डशिवाय उघडं शेअर, ज्यात कुणीतरी बॅकअपची स्क्रिप्ट ठेवलीय आणि त्या स्क्रिप्टमध्ये ॲडमिनचा पासवर्ड लिहिलाय. स्कॅनर शेअर उघडं आहे एवढंच सांगतो, आत काय पडलंय ते माणसानंच उघडून बघायचं.

वॉनाक्राय ह्या रॅन्समवेअरची (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आठवण असेलच. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला एमएस१७-०१० हा पॅच दिला, १२ मे ला वॉनाक्राय पसरला, मध्ये दोन महिने होते. ब्रिटनच्या एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलांमध्ये अपॉइंटमेंटा रद्द कराव्या लागल्या. एकदा आत शिरल्यावर तो पोर्ट ४४५ वरून मशीनमागून मशीन घेत गेला, ईमेल उघडायचीही गरज नव्हती. त्या दोन महिन्यांत लॉगिन देऊन एक साधं स्कॅन केलं असतं तर कुठल्या मशीनला हा पॅच नाही ती यादी मिळाली असती. पण वर्षातून एकदा स्कॅन करणाऱ्याला ती मिळायची शक्यता सहात एक, आणि इथंच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

किती दिवसांनी? कार्डाचे पैसे घेणाऱ्यांसाठी पीसीआय डीएसएस हा नियम आहे, त्यात दर तीन महिन्यांनी बाहेरून आणि आतून स्कॅन लागतं, मोठा बदल केला की परत, आणि बाहेरचं स्कॅन मान्यताप्राप्त एजन्सीकडून, ज्यात ४.० किंवा त्यावरचं काही निघालं तर नापास. हे किमान समजा, ध्येय समजू नका. तुमच्या आकाराच्या कंपनीला बाहेरचं स्कॅन आठवड्याला एकदा आपोआप लावून ठेवायला काहीच कष्ट नाहीत, सात-आठ आयपी असतील जास्तीत जास्त. आतलं लॉगिनवालं स्कॅन महिन्याला, मायक्रोसॉफ्टचे पॅच येतात दुसऱ्या मंगळवारी, ते बसवायला आठवडाभर द्या आणि मग लावा, म्हणजे स्कॅन हीच पॅचिंगची तपासणी होते. आणि एखादं मोठं प्रकरण निघालं, जसं डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे ह्या जावा लायब्ररीतलं लॉगफोरशेल हे भोक निघालं होतं, तर वेळापत्रकाची वाट न बघता त्याच दिवशी. पण स्कॅनरचा फीड (माहीत असलेल्या भोकांची त्याची यादी) आधी अपडेट करा, कालच्या फीडला आजचं भोक माहीत नसतं, ही साधी गोष्ट घाईत हमखास राहते.

लॉगफोरशेलच्या वेळी एक गोष्ट सगळ्यांनाच कळली की लायब्ररी दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात, तेही तिसऱ्याच्या पोटात असते, आणि बाहेरून स्कॅन करून ती नेहमी सापडत नाही. डिस्कवरच्या फाइली शोधाव्या लागल्या, व्हेंडरांना मेल टाकून विचारावं लागलं. ह्याच कारणानं तुमचं अकाउंटिंगचं, हजेरीचं, ईआरपीचं सॉफ्टवेअर कुणाचं, कुठल्या व्हर्जनचं आणि त्याचा सपोर्ट कधी संपतो हे त्या यादीत लिहून ठेवा.

पुन्हा स्कॅन करणं. पॅच मारला म्हणजे भोक बुजलं असं नसतं, विंडोजचे कित्येक पॅच रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाहीत, काहींना पॅचनंतर रजिस्ट्रीमध्ये एक सेटिंग हातानं बदलावं लागतं, लिनक्सवर लायब्ररी नवी बसते पण चालू असलेली सर्व्हिस मेमरीतली जुनीच वापरत राहते. काम झालं असं एक्सेलमध्ये लिहायचा अधिकार दुरुस्ती करणाऱ्याला नको, पुढच्या स्कॅनमध्ये ओळ गायब झाली की मगच बंद. आणि दोन स्कॅनमधला फरक बघा, एनमॅप ह्या फुकट पोर्ट स्कॅनरबरोबर एनडिफ नावाचं छोटं टूल येतंच त्यासाठी. मागच्या आठवड्यात नसलेला पोर्ट आज उघडा कसा, हा प्रश्न दोनशे पानांपेक्षा जास्त कामाचा असतो, कारण त्याचं उत्तर देणारा माणूस सापडतो आणि त्याला आठवतही असतं.

काही गोष्टी दुरुस्त होणारच नाहीत हेही धरून चाला. जुन्या विंडोजवरच चालणारं एखादं मशीन असतं ज्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच आता नाही. त्याला वेगळं काढा, त्याच्याशी कोण बोलू शकतं ते फायरवॉलवर मोजून ठरवा, आणि अपवाद म्हणून लिहून ठेवा, त्याखाली मालकांची सही आणि पुन्हा विचार करायची तारीख घ्या. सही महत्त्वाची. धोका घ्यायचा की नाही हे आयटीवाल्यानं परस्पर ठरवू नये, आणि सही मागितली की नवीन मशीनसाठी बजेट मिळायची शक्यता वाढते हा माझा अनुभव आहे.

स्कॅनमुळं स्वतःचंच नुकसान होऊ शकतं, तेवढं सांगतो. प्रिंटर पोर्ट ९१०० वर जे येईल ते छापतात, स्कॅनरनं तिथं बोलून बघितलं की कचरा छापलेली पानं बाहेर पडतात, एनमॅप त्यामुळंच व्हर्जन ओळखताना हे पोर्ट मुळातच वगळतो. प्लांटमधले पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर), जुनी वैद्यकीय उपकरणं, जुने आयपी फोन हे तर जोरदार स्कॅननं अडकून पडतात, तिथं ॲक्टिव्ह स्कॅन लावूच नका, स्विचवरून ट्रॅफिकची कॉपी घेऊन नुसतं ऐकणारी टूल्स वापरा. खोटे पासवर्ड टाकून बघणारी तपासणी चालू राहिली तर डोमेनमधली अकाउंट लॉक होतात आणि सकाळी सगळ्या ऑफिसचे फोन तुम्हाला येतात. सर्व्हिस कोलमडवून बघणाऱ्या चाचण्या बंद आहेत ना हे स्वतः डोळ्यांनी बघा, पहिलं स्कॅन दोन-तीन मशीनवर लावून बघा. यूडीपीचं (टीसीपीसारखीच दुसरी पद्धत, तिचे पोर्ट वेगळे) स्कॅन वेगळं आणि मोजक्याच पोर्टांचं करा, बंद पोर्टचं उत्तर लिनक्स सेकंदाला साधारण एकच देतो, त्या हिशोबानं एकाच मशीनचे सगळे यूडीपी पोर्ट बघायला १८ तासांहून जास्त लागतात. आणि लेखी परवानगी. स्वतःच्या कंपनीतसुद्धा. क्लाउडवरचे किंवा दुसऱ्याच्या होस्टिंगवरचे सर्व्हर असतील तर त्यांचे नियम आधी वाचा.

आणखी एक धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. स्कॅनरला तुम्ही जे अकाउंट देता ते सगळ्या मशीनवर ॲडमिन असतं, ते सगळ्या मशीनवर जाऊन लॉगिन करतं, ज्या मशीनवर आधीच कुणी शिरलेलं असेल तिथंसुद्धा. डोमेन ॲडमिनचं अकाउंट स्कॅनरला कधीच देऊ नका. वेगळं अकाउंट काढा, सर्व्हरसाठी एक, डेस्कटॉपसाठी दुसरं, डोमेन कंट्रोलरसाठी (सगळी लॉगिन तपासणारा सर्व्हर) तिसरं, फक्त स्कॅनच्या वेळेत चालू, बाकी वेळ डिसेबल, आणि ते स्कॅनर सोडून दुसऱ्या कुठल्याही मशीनवरून वापरलं गेलं तर अलर्ट. स्कॅनरचं मशीनही तेवढंच जपा, त्यात सगळ्या चाव्या आणि सगळ्या भोकांचा नकाशा एकत्र असतो. तुमची ती पीडीएफ आत्ता कुणाकुणाच्या मेलमध्ये आहे ते एकदा तपासून बघा.

स्कॅनरला काय सापडत नाही तेही मालकांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर गैरसमज नको. मे २०२३ च्या अखेरीस मूव्हइट ह्या फाइल ट्रान्स्फर सॉफ्टवेअरमधलं भोक वापरून हल्ले सुरू झाले तेव्हा त्याला पॅचच नव्हता, सीव्हीई नंबरही नव्हता, कुठल्याच स्कॅनरला ते दिसलं नसतं. चोरीला गेलेला पण बरोबर असलेला पासवर्ड स्कॅनरला दिसत नाही. तुमच्या स्वतःच्या वेब ॲपमध्ये ग्राहक क्रमांक बदलला की दुसऱ्याचं बिल दिसतं, हेही दिसत नाही, त्यासाठी माणूस लागतो, म्हणजे पेन टेस्ट. ती महाग असते, म्हणून आधी स्कॅनमधलं सोपं सोपं निस्तरा, नाहीतर पेन टेस्टर पहिल्या तासात जुन्या भोकातून आत जाईल आणि उरलेला वेळ तुम्हाला माहीतच असलेल्या गोष्टी लिहिण्यात घालवेल.

टूलचं पटकन. यादी काढायला आणि बाहेरची बाजू बघायला एनमॅप, १९९७ पासून आहे, फुकट आहे, आणि ते शिकलात तर बाकी सगळ्या स्कॅनरांचे रिपोर्ट कळायला लागतात. व्हल्नरेबिलिटीसाठी हातात पैसा नसेल तर ओपनव्हास, जे नेसस २००५ मध्ये बंदिस्त झाल्यावर त्याच्याच जुन्या कोडमधून वाढलं, फक्त ते बसवायला आणि सांभाळायला थोडी चिकाटी लागते. पैसा असेल तर नेसस, क्वालिस, रॅपिड७, तिन्ही चालतील, ट्रायल घ्या आणि तुमच्या दहा मशीनवर लावून बघा, ज्याचं लॉगिन तुमच्याकडं कमी कटकटीत होतं तो घ्या. लॅपटॉप जास्त असतील तर एजंट असलेलाच घ्या.

आणि त्या एजन्सीला सोडायची गरज नाही, फक्त पुढच्या वेळी काम देताना आधीच लिहून घ्या की पीडीएफबरोबर कच्चा डेटा मिळेल, कुठल्या आयपींनी उत्तरच दिलं नाही आणि कुठल्या मशीनवर लॉगिन फेल झालं त्यांची वेगळी यादी मिळेल, फीडची तारीख रिपोर्टवर असेल, आणि दुरुस्तीनंतरचं एक फेरस्कॅन त्याच पैशात असेल. आत्ताच्या रिपोर्टसाठीही पहिल्या दोन गोष्टी मागून बघा, त्यांच्याकडं त्या असतातच, एक्सपोर्ट करायला दोन मिनिटं लागतात.